रविवारचा रेडिओवरचा तास: स्क्रिप्ट लिहावी की नुसत्या गप्पा माराव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर तुम्हा तिघांना रविवारी सकाळी नऊ ते दहाचा स्लॉट मिळालाय, त्यात वीस मिनिटं आठवड्यातल्या घडामोडी, वीस मिनिटं भाषा आणि वीस मिनिटं पुस्तक असं चाललंय, पाच भाग झालेत, आणि ऐकणारे म्हणतात "माहिती चांगली असते पण निबंध ऐकल्यासारखं वाटतं". म्हणून तुम्ही विचारताय की स्क्रिप्ट पूर्ण लिहावी की नुसते मुद्दे घेऊन बसावं, आणि पाहुणे आणायचे कुठून.

मी आधी आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते आणि नंतर कम्युनिटी रेडिओत आले, दोन्ही मिळून २२ वर्षं झाली, आणि त्यातला बराच काळ शनिवार-रविवारच्या गप्पांमध्येच गेलाय. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कारण मला वाटतं तुमची अडचण स्क्रिप्टची नाहीये.

अडचण अशी आहे की तुम्ही एका तासात तीन कार्यक्रम करताय. नऊ वाजता ज्याने रेडिओ लावला तो घडामोडी ऐकतो, त्याचं मन जरा लागतं तेवढ्यात नऊ वीसला तुम्ही म्हणता "आता वळूया भाषेकडे", की तो उतरला गाडीतून. नऊ चाळीसला परत तेच. दर वीस मिनिटांनी गाडी बदलायला लावली की प्रत्येक स्टेशनवर थोडे लोक परत चढतच नाहीत. शिवाय वीस मिनिटांत विषय उरकायचा म्हणून तुम्ही सगळं दाबून भरता, आणि दाबून भरलेलं बोलणं निबंधासारखंच ऐकू येणार, मग कागद समोर असो नाहीतर नसो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत हे आधीच सांगते. तुम्ही लाइव्ह जाता की शुक्रवारी रेकॉर्ड करता, स्टुडिओत माइक किती आहेत, स्टेशन मॅनेजर कितपत मोकळीक देतो, ऐकणारे जास्त करून कॉलेजचे आहेत की आजूबाजूच्या गावांतले, यावर बरंच बदलतं. मी सांगतेय ते तालुक्याच्या ठिकाणच्या, दहा-एक किलोमीटरपर्यंत पोचणाऱ्या स्टेशनच्या अनुभवावरून, कारण तुमचंही तसंच दिसतंय (कम्युनिटी रेडिओला १०० वॅटच्या आसपासच परवानगी असते, म्हणजे ऐकणारा माणूस तुम्हाला बाजारात भेटू शकतो इतका जवळचा असतो, आणि ही फार मोठी सोय आहे, ती विसरू नका).

आता घडामोडींचं आधी बोलते, कारण तिथे एक नियम आहे आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. आपल्याकडे कम्युनिटी रेडिओ २००२ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी उघडला आणि २००६ च्या धोरणात सामाजिक संस्थांनाही परवानगी मिळाली, पण स्वतःच्या बातम्या आणि राजकीय स्वरूपाचे चालू घडामोडींचे कार्यक्रम करायला तेव्हाही मनाई होती आणि आजही आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याच्या सूचना, पाणी आणि वीज यांच्या सूचना, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीची माहिती, सांस्कृतिक कार्यक्रम, खेळ, हे बातम्यांत धरत नाहीत, त्यावर बोलता येतं. आकाशवाणीची प्रोग्राम कोड म्हणजे कार्यक्रमसंहिता आपल्यालाही लागू असते आणि प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं. तेव्हा स्टेशन मॅनेजरकडून ग्रँट ऑफ परमिशन अ‍ॅग्रीमेंटची कॉपी, म्हणजे स्टेशनला मिळालेल्या परवानगीच्या कराराची, मागून घ्या आणि तिघांनी एकदा बसून वाचा. तुम्ही "या आठवड्यात मंत्रिमंडळात काय झालं" असं वीस मिनिटं करत असाल तर ते लगेच थांबवा, तुमच्यामुळे सगळ्या स्टेशनची परवानगी अडचणीत यायला नको.

पण म्हणून घडामोडी सोडून द्यायच्या असं नाही. उलट या नियमामुळेच मला माझी पद्धत सापडली आणि ती मी गेली कित्येक वर्षं वापरतेय, ती म्हणजे आठवड्यातून एक शब्द उचलायचा. लोकांच्या तोंडी त्या आठवड्यात जो शब्द वारंवार आला तो. पंचनामा, दाखला, टँकर, कटऑफ, आवर्तन, ई-केवायसी, काहीही. त्या शब्दाचं कुणाच्या घरात काय चाललंय हा पहिला भाग, तो शब्द आला कुठून आणि त्याचा अर्थ कसा फिरला हा दुसरा, आणि त्याच्याभोवतीचं कुणीतरी लिहिलेलं एखादं पान हा तिसरा. म्हणजे घडामोड, भाषा, साहित्य तिन्ही आलं, पण ऐकणाऱ्याला गाडी बदलावी लागली नाही, तो एकाच शब्दावर तासभर बसला. आणि कुठल्या पक्षाचं नाव घ्यायची वेळच येत नाही, कारण तुम्ही निर्णयावर मत देत नसता, तो शब्द माणसापर्यंत पोचल्यावर काय होतं ते विचारत असता.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आकाशवाणी मुंबईचं "पुन्हा प्रपंच" हे घरगुती गप्पांचं सदर ज्यांनी ऐकलंय त्यांना आठवेल, टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत घरात बसून बोलायचे आणि बोलता बोलता बाहेरच्या जगातलं सगळं त्यात यायचं. त्यांनी कधी "आता वळूया पुढच्या विषयाकडे" म्हटलं नाही. विषय घरात आलेला असायचा.

एक भाग नीट उलगडून सांगते म्हणजे कळेल. एका वर्षी आमच्या भागात अवकाळीने द्राक्षं गेली. सगळीकडे एकच शब्द, पंचनामा. झाला का, कधी होणार, आमचा राहिला. आम्ही पाहुणा कोण आणावा यावर दोन दिवस वाद घातला, कुणी म्हणे कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ आणा, कुणी म्हणे अधिकारी आणा. शेवटी एका रिटायर झालेल्या तलाठ्यांना बोलावलं, कारण ज्याने स्वतः चिखलात उभं राहून शेकड्यांनी पंचनामे लिहिलेत त्याच्याइतकं त्या शब्दाबद्दल कुणाला माहीत असणार.

पहिली दहा मिनिटं वाईट गेली. मी विचारलं "पंचनाम्याची प्रक्रिया सांगाल का", आणि त्यांनी प्रक्रिया सांगितली. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असं तिघांनी मिळून जायचं, ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर मदतीला पात्र, अमुक नमुना, तमुक अहवाल. सगळं बरोबर, पण ऑफिसातलं. मग मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "पंचनाम्यावर सही करायला पंच लागतात ना, ते तुम्ही कुठून आणायचात?" ते गप्प झाले. मला तोंड उघडायचा फार मोह झाला, रेडिओवर चार सेकंद शांतता म्हणजे फार वाटते, पण मी थांबले. मग ते म्हणाले, "शेजारच्यालाच बोलवायचो. पण त्याचंही गेलेलं असायचं. तो म्हणायचा, अण्णा, माझं आधी लिहा मग ह्याच्यावर सही करतो. मग त्याच्या रानात जायचं, तर तिथला पंच म्हणायचा माझं आधी. अशी दिवसभर एकेका सहीमागं चालत राहायची गावं."

तिथून पुढे तो भाग आपोआप चालला. ३३ टक्के हा आकडासुद्धा मग त्यांनी वेगळा सांगितला, की डोळ्याने बघून तेहेतीस आणि तीस यातला फरक कसा ठरवायचा, आणि बाजूला मालक उभा असताना तीस लिहायला हात कसा जड होतो.

मग आम्ही शब्दाकडे गेलो. पंच आपला आणि नामा फारसी, म्हणजे लेख, कागद. करारनामा, जाहीरनामा, हुकूमनामा सगळी त्याच घरातली मंडळी. आणि राजीनामा, ज्यात खरं तर "राजी" म्हणजे कबूल असणं आहे, हिंदीत राजीनामा म्हटलं की अजूनही समझोता असा अर्थ निघतो, आपल्याकडे मात्र नोकरी सोडायचा कागद झाला. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, तरी हे नामे टिकून राहिले, का राहिले असतील यावर आमच्या पाहुण्यांनी एक साधी गोष्ट सांगितली, की गावात कागदाचं नाव बदललं की लोकांना वाटतं कागदच बदलला, आणि मग जुना चालेल का म्हणून रांग लागते. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. आणि बोलण्यात "त्याचा चांगला पंचनामा केला" म्हणजे कुणाची चिरफाड केली असा अर्थ कसा आला, यावर फोन आले.

शेवटी वाचन. आम्ही महात्मा फुल्यांच्या १८८३ च्या "शेतकऱ्याचा असूड"मधला शेतकरी आणि सरकारी कामकाज यांच्याबद्दलचा एक तुकडा घेतला, जेमतेम तीन मिनिटांचा. फुल्यांची वाक्यं लांबच लांब, एका दमात होत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी पेन्सिलीने श्वासाच्या खुणा केल्या होत्या आणि दोनदा मोठ्याने वाचून बघितलं होतं. वाचून झाल्यावर मी काहीच विवेचन केलं नाही, फक्त अण्णांना विचारलं "तुमच्या काळात यातलं काय उरलं होतं?" त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि तास संपला.

बघा यात पुस्तकाचा परिचय कुठेच नाही. लेखकाचा जन्म, शिक्षण, ग्रंथसंपदा यातलं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी तीन जणांनी कॉलेजच्या लायब्ररीत ते पुस्तक मागितलं हे ग्रंथपालांनी मला येऊन सांगितलं.

आता स्क्रिप्टचं. माझं उत्तर असं की पहिलं पाऊण मिनिट आणि शेवटचं एक मिनिट शब्दन् शब्द लिहा. मधल्या जोडण्या, म्हणजे आपण ज्यांना लिंक म्हणतो, त्याही एकेक ओळीत लिहून ठेवा. आकडे, नावं, तारखा कागदावर हव्यातच, तिथे आठवणीवर विसंबू नका. बाकी सगळं प्रश्नांच्या रूपात ठेवा. मुद्दा लिहिला की माणूस तो मुद्दा सांगून टाकतो, प्रश्न लिहिला की तो समोरच्याला विचारतो. "पंचनामा – प्रक्रिया – अडचणी" असं कार्डावर लिहिलंत तर निबंधच होणार. "पंच कुठून आणायचा?" असं लिहिलंत तर गप्पा होतील.

आणि जे लिहाल ते आधी बोला मग लिहा. मी अजूनही असं करते की सुरुवात लिहायच्या आधी मैत्रिणीला फोन करून विषय सांगते, फोनवरचं माझं बोलणं रेकॉर्ड करते आणि मग तेच उतरवून काढते. कारण पेन हातात घेतलं की आपल्या सगळ्यांच्या अंगात सरकारी पत्र शिरतं. "परिसरात झालेल्या अवकाळी पावसामुळे शेतकऱ्यांचे मोठ्या प्रमाणावर नुकसान झाले असून पंचनामे करण्याचे आदेश देण्यात आले आहेत." हे वाक्य कुणीही तोंडाने बोलत नाही. तेच "मंगळवारी पाऊस आला. द्राक्षं उतरवायला आठ दिवस राहिले होते. आता पंचनामा होईपर्यंत घड तसेच वेलीवर ठेवायचे का काढायचे, हा प्रश्न आहे." असं म्हटलं की चित्र दिसतं. करण्यात येत आहे, सदर, याबाबत, दरम्यान, या शब्दांवर लाल पेन मारा. कान मागे जाऊन वाक्य परत वाचू शकत नाही, त्यामुळे कर्ता आणि क्रियापद यात फार अंतर ठेवू नका, एका वाक्यात एकच गोष्ट.

तिघेही एकदम माइकवर बसता का? तुमच्या प्रश्नावरून तसं वाटतंय. माझा अनुभव असा आहे की पाहुणा धरून तीनच्या वर आवाज झाले की ऐकणाऱ्याला कोण बोलतंय ते कळत नाही, आणि तुम्ही तिघे एकाच वयाचे म्हणजे आवाजही जवळजवळ सारखे. दोघांनी बोला, तिसऱ्याने काचेपलीकडे बसून घड्याळ, फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) आणि व्हॉट्सअ‍ॅप बघा, आणि दर आठवड्याला पाळी बदला. जो काचेपलीकडे बसतो त्याला कार्यक्रम कुठे कंटाळवाणा झाला ते सगळ्यात आधी कळतं. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने विषयाची पूर्ण तयारी करायची आणि दुसऱ्याने मुद्दाम अर्धीच करायची. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण दोघांनाही सगळं माहीत असेल तर दोघं मिळून ऐकणाऱ्याला शिकवायला लागतात, आणि एकाला खरंच माहीत नसेल तर तो खरंच विचारतो. खोटं कुतूहल रेडिओवर लगेच ऐकू येतं, "अच्छा, असं होय!" मधला तो जो चढा सूर असतो ना, तो.

पाहुणे कुठून आणायचे, तर खुर्चीपेक्षा हात बघा. ज्याच्या हाताखालून ती गोष्ट गेलीय तो माणूस. टँकर हा शब्द असेल तर टँकरचा ड्रायव्हर, परीक्षेचा असेल तर पेपर तपासणारे नाहीतर सुपरवायझर, आरोग्याचा असेल तर आशाताई. साहित्यिक पाहुणे जरूर आणा पण त्यांना "तुमच्या लेखनप्रवासाबद्दल सांगा" असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यांनी पन्नास वेळा दिलेलं असतं. त्यांच्याच पुस्तकातलं एक वाक्य वाचून दाखवा आणि विचारा की इथे हाच शब्द का, दुसरा कुठला होता का आधी. आणि रेकॉर्डिंगच्या आधी बाहेर चहा पिताना विषयावर बोलू नका. चांगलं उत्तर चहावर निघून जातं आणि मग माइकवर तो म्हणतो "मघाशी मी सांगितलं तसं". मघाशीचं कुणी ऐकलेलं नसतं.

पाहुण्याची भाषा सुधारायला जाऊ नका, हे मला फार कळकळीने सांगायचंय. आमच्याकडे एकदा बचत गटाच्या एक बाई आल्या होत्या, बाहेर व्हरांड्यात इतकं सुंदर बोलत होत्या, आणि माइकसमोर बसल्यावर माझं पुस्तकी मराठी ऐकून त्यांनी स्वतःचं बदललं, "आमच्यात" चं "आमच्यामध्ये" झालं, "पानी" म्हणता म्हणता थबकून "पाणी" म्हणाल्या, आणि प्रत्येक वाक्याआधी अडखळायला लागल्या. चूक माझी होती. मी थांबवलं, पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी मी माझ्या आजोळच्या बोलीत विचारलं. मग त्या मोकळ्या झाल्या. कम्युनिटी रेडिओच्या धोरणातच स्थानिक भाषा आणि बोलीला प्राधान्य आहे आणि निम्मा तरी मजकूर स्थानिक हवा असं म्हटलंय, तेव्हा कुणी हटकलं तर तुमच्याकडे उत्तर आहे.

भाषेच्या भागात मात्र एक पथ्य पाळा. व्युत्पत्ती सांगताना तपासल्याशिवाय बोलू नका. एकदा एका पाहुण्यांनी "पगार" हा शब्द पग म्हणजे पाऊल यावरून आला असं ठामपणे सांगितलं आणि मी माइकवर हो हो केलं. पुढच्या आठवड्यात एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं की हा पोर्तुगीज शब्द आहे, पैसे देणे या अर्थाचा, चावी आणि बटाटासारखाच समुद्रावरून आलेला. मी ते कार्ड पुढच्या भागात पूर्ण वाचून दाखवलं आणि दुरुस्ती केली. तेव्हापासून कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, या तिन्हींत बघितल्याशिवाय मी शब्दाचं मूळ सांगत नाही. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, त्यामुळे शब्दाचा तेव्हाचा अर्थ आणि आजचा अर्थ शेजारी शेजारी ठेवून दाखवता येतो, आणि त्या फरकावरच अर्धा भाग निघतो. तिन्ही कोश वेगवेगळं सांगत असतील तर तसंच सांगा, लोकांना ते आवडतं.

ऐकणाऱ्यांना असा प्रश्न द्या ज्याचं उत्तर पुस्तक न वाचलेला माणूसही देऊ शकेल. "तुम्हाला कुठला लेखक आवडतो" यावर चारच जणांचे मेसेज येतील, तेही प्राध्यापकांचे. "तुमच्याकडे पावसाला किती नावं आहेत" विचारा. आम्ही विचारलं होतं, तेव्हा वळीव, झड, रिपरिप, भुरभुर, शितोडे असे शब्द आले, आणि एका आजींनी नातवाच्या फोनवरून व्हॉइस नोट पाठवली, त्यात झड आणि रिपरिप यातला फरक त्यांनी सांगितला, की झडीत माणूस घरात बसतो आणि रिपरिपीत कुरकुर करत कामाला जातो. ती नोट आम्ही तशीच लावली, मागचा कोंबड्याचा आवाजसुद्धा कापला नाही.

पुस्तकाच्या बाबतीत कॉपीराइट बघा, कॉलेजच्या स्टेशनवर याकडे कुणी लक्ष देत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायचे. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांची कविता पूर्ण वाचा, काही अडचण नाही. लेखकाच्या पश्चात छापलेलं असेल तर ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात, बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी १९५२ मध्ये छापली, म्हणजे २०१२ सरल्यावर तीही मोकळी. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, तेव्हा त्यांची अख्खी कविता किंवा अख्खी कथा वाचायची तर परवानगी घ्या. पुस्तकावर बोलताना चार ओळी उद्धृत करणं ही वेगळी गोष्ट आहे, समीक्षेसाठी तेवढं कायद्यात चालतं. प्रकाशकाला साधं पत्र लिहिलं तर बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, आमचा तरी तसा अनुभव आहे, फक्त पत्र महिनाभर आधी टाका.

वेळेचं थोडंसं. रविवारी सकाळी कुणी रेडिओसमोर हात जोडून बसत नाही, मागे घरातली कामं चालू असतात, माणूस मधेच येतो मधेच जातो. म्हणून दर आठ-दहा मिनिटांनी, पाहुण्याचं वाक्य पूर्ण झालं की, एका ओळीत कोण बोलतंय आणि कशावर ते सांगा. "आपण अण्णांशी बोलतोय, तीस वर्षं तलाठी होते, आणि शब्द आहे पंचनामा." बस, एवढंच, मागचा सगळा सारांश देत बसू नका. शुक्रवारी रेकॉर्ड करत असाल तर "काल" आणि "परवा" हे शब्द वापरूच नका, वार सांगा, आणि हवामान किंवा प्रवेशाच्या तारखा असलं जे दोन दिवसांत बदलू शकतं ते शेवटच्या पाच मिनिटांत लाइव्ह ठेवता येतं का ते स्टेशनला विचारा. माइकचं इतकंच की तोंडापासून वीतभर, जरासा तिरपा, म्हणजे प, फ, भ फुटत नाहीत, पंखा बंद, आणि सगळे गप्प बसून अर्धा मिनिट खोलीचा आवाज घेऊन ठेवा, एडिट करताना तो जिथे तिथे लागतो.

सहाव्या भागासाठी मी एक शब्द सुचवते: दाखला. प्रवेशाच्या दिवसांत घराघरात तोच चालतो, उत्पन्नाचा, जातीचा, शाळा सोडल्याचा, आणि प्रवेशाची माहिती आपल्याला देता येते, त्यामुळे नियमाचीही अडचण नाही. मूळ अरबी, आत शिरणं या अर्थाचा, हिंदीत दाखिला म्हणजे प्रवेशच, आपल्याकडे मात्र प्रवेशासाठी लागणारा कागद झाला, आणि "दाखला देणे" म्हणजे उदाहरण देणं हा अर्थ वेगळाच. पाहुणा तुमच्याच कॉलेजात आहे, ऑफिसच्या खिडकीमागे बसणारे क्लार्क. त्यांना प्रक्रिया विचारू नका. मला विचाराल तर पहिला प्रश्न असा ठेवा, की एखाद्या मुलाचा एकच दाखला कमी आहे आणि आज शेवटची तारीख आहे, तेव्हा खिडकीच्या अलीकडून तुम्ही त्याला काय सांगता? आणि मग थांबा, चार सेकंद लागले तरी.